वाचकांचे प्रश्न : व्हॉल्व्ह नवा आणलात, पण आटा कोणता?

प्रश्न : ताई, मी बडोद्याच्या कारेलीबागेत राहतो. आम्ही मित्र हिवाळ्यात मालवणला, कधी मुरुडेश्वरहून नेत्राणीला डायव्हिंगला जातो. गेल्या वर्षी एका बंद पडलेल्या डायव्ह सेंटरकडून ११ लिटरची ॲल्युमिनियमची जुनी टाकी घेतली. तिचा व्हॉल्व्ह पहिल्यापासून जड फिरतो, घट्ट बंद केला तरी बारीक फुसफुस चालूच असते. मे महिन्यात गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत ठेवली होती, तर एका रात्रीत सगळी हवा गेली. आता मला डिन (आट्यांनी आत बसणारा) आणि योक (वरून कडीने आवळायचा) असे दोन्ही रेग्युलेटर, म्हणजे टाकीला जोडून श्वास घ्यायची उपकरणं, लागतील असा चांगला व्हॉल्व्ह बसवायचा आहे. ऑनलाइन मागवलाही आहे, पण तो गळ्यात थोडा सैल बसतो. मकरपुऱ्यात मामेभावाचा लेथ आहे. तो म्हणतो, टेफ्लॉन टेप मारू, नाहीतर मधे एक बुश करून देतो, चालशे. करू का?

उत्तर : नाही. टेपही नको आणि बुशही नको. आधी तो नवा व्हॉल्व्ह टाकीतून काढून वेगळा ठेवा, म्हणजे घरातलं दुसरं कुणी उत्साहाच्या भरात टाकी भरून आणणार नाही.

‘थोडा सैल बसतो’ हे तुम्ही जाता जाता लिहिलंय, पण मला विचाराल तर पत्रात महत्त्वाचं तेवढंच आहे. स्कूबाच्या टाक्यांच्या गळ्याला मुख्यतः दोन जातींचे आटे सापडतात. एक युरोपी पद्धतीचा एम २५ बाय २, म्हणजे व्यास २५ मिलिमीटर आणि दोन आट्यांतलं अंतर २ मिलिमीटर. दुसरा अमेरिकी पद्धतीचा पाऊण इंची, इंचाला १४ आटे, म्हणजे अंतर १.८१ मिलिमीटर. याला पाऊण इंची म्हणतात खरं, पण आट्यावर व्हर्नियर, म्हणजे बारीक मापाची पट्टी, लावलात तर माप २६ मिलिमीटरच्या वर भरतं, कारण पाइपाच्या आट्यांची नावं पूर्वीपासून पाइपाच्या आतल्या भोकावरून पडलेली आहेत. आपल्या घरच्या नळाचा पाऊण इंची आटाही इंचाला १४चाच, फक्त त्याचा कोन ५५ अंशांचा आणि अमेरिकीचा ६० अंशांचा. मामेभावाला गळा ओळखीचा वाटला असेल तो यामुळेच.

तुमची टाकी बहुधा पाऊण इंची गळ्याची आहे आणि ऑनलाइन आला तो एम २५. गोम अशी की हा व्हॉल्व्ह त्या गळ्यात जातो. अजिबात गेला नसता तर बरं झालं असतं, पत्र लिहायची वेळच आली नसती. दोन-चार आटे कसेबसे एकमेकांत अडकतात, ओ-रिंग (हवा अडवणारं रबरी कडं) दबते आणि थोड्या दाबाला टाकी हवा धरतेसुद्धा. मग भरणारा निश्चिंतपणे दाब वाढवत नेतो. २०० बारला २५ मिलिमीटरच्या त्या तोंडावर आतून किती जोर येतो, हिशेब करून बघा. क्षेत्रफळ ४९१ चौरस मिलिमीटर, आणि २०० बार म्हणजे दर चौरस मिलिमीटरवर २० न्यूटन. गुणाकार ९,८०० न्यूटनांच्या वर जातो, म्हणजे एक टन वजनाएवढा जोर. तो पेलायला कडेकडेने टेकलेले चार पितळी आटे! अशा चुकीच्या जोडीचे व्हॉल्व्ह भरताना उडून परदेशांत गंभीर अपघात झालेले आहेत, आणि तेही सैल बसणारा व्हॉल्व्ह ‘धरतोय की’ म्हणून भरायला घेतल्यावर.

टेपबद्दल. कारखान्यांतल्या नायट्रोजन-ऑक्सिजनच्या सिलिंडरांना, ज्यांना इथे सगळे बाटलेच म्हणतात, तिरका म्हणजे टेपर आटा असतो. तिथे आट्यावरच सील होतं, म्हणून टेप लागते. मी केमिकल कारखान्याच्या सेफ्टी विभागात नोकरीला होते तेव्हा तिथली फिटर मंडळीही दिसेल त्या आट्याला आधी टेप गुंडाळायची. हाताला सवयच ती. स्कूबाच्या या दोन्ही जातींत आटे सरळ असतात. आटे फक्त धरून ठेवतात, हवा अडवते ती वरची ओ-रिंग. बरोबर जोडीचा व्हॉल्व्ह नुसत्या हाताने शेवटपर्यंत फिरत जातो आणि तरीही कुठे डुगडुगत नाही. टेपेने फक्त जाडी वाढते आणि सैल व्हॉल्व्ह घट्ट झाल्याचं खोटं समाधान मिळतं.

बुशचं म्हणाल तर मामेभावाच्या हाताबद्दल मला शंका नाही. माझं व्हॉल्व्ह दुरुस्तीचं टेबलही मकरपुऱ्यातच आहे, तिथल्या लेथवर काय काय होतं ते मी रोज बघते. पण बुश घातला की एका सांध्याचे दोन सांधे होतात, आणि दुसऱ्याची कुठे नोंद नाही, चाचणी नाही. त्याच्याकडून एकच मदत घ्या. व्हर्नियर आणि पिच गेज (आट्यांतलं अंतर मोजायची पट्टी) लावून तुमच्या जुन्या आणि नव्या दोन्ही व्हॉल्व्हची मापं कागदावर लिहून घ्या. नव्या व्हॉल्व्हच्या अंगावर आट्याचं माप बहुतेक वेळा कोरलेलं असतं. टाकीच्या खांद्यावरच्या शिक्क्यांत ते असेल किंवा नसेलही. आणि जुना व्हॉल्व्ह इतके दिवस बसत होता म्हणजे तो बरोबरच होता, असं धरून चालू नका. तुमच्या आधीच्या मालकाने काय केलं होतं कुणास ठाऊक. गळ्याचा शेवटचा निकाल टेस्टिंग स्टेशनवरच्या ‘गो’ आणि ‘नो-गो’ गेजने लागतो.

आता बदलायचा कशासाठी, ते बघू. तुम्ही तीन तक्रारी लिहिल्यात आणि तिन्हींचं मूळ एकच असेल असं नाही. जुना व्हॉल्व्ह अजून टाकीवर असता तर मी सांगितलं असतं की तीसेक बार हवा ठेवून भांड्यांच्या साबणाचं पाणी रंगाच्या ब्रशने लावा. व्हॉल्व्ह बंद असताना तोंडाशी बुडबुडे आले तर आतली सीट गेली. मुठीखाली, दांड्याच्या कडेने आले तर दांड्याची ओ-रिंग. गळ्याभोवती आले तर गळ्याची ओ-रिंग किंवा ती बसते ती जागा गंजलेली. बाजूला छोट्या भोकांचं एक नट असतं, तिथे आले तर सेफ्टी डिस्क.

जड फिरणं आणि बंद करूनही फुसफुस, ही जोडी मी सीटच्या खात्यावर टाकीन. सीट म्हणजे नायलॉनसारख्या प्लास्टिकची नखाएवढी गादी. ती एका धारदार पितळी कडेवर दाबली जाते. माणसं गळका नळ पिळतात तसा हा पिळतात, गादीत गोल खाच पडते, खाच पडली की बंद व्हायला आणखी पिळावं लागतं, आणि खाच आणखी खोल जाते. परवाच एक व्हॉल्व्ह उघडला. दांड्याच्या आट्यांत मीठ असं घट्ट बसलेलं की टोकदार काडीने टोकरून काढावं लागलं. ग्रीस वाळून पिवळ्या पापुद्र्याची झालेली, आणि सीटवर अंगठ्याचं नख अडकेल एवढी खाच. मालक म्हणत होते, मुठीचा रबर घसरतो म्हणून नवी मूठ बसवा!

मे महिन्यातल्या त्या रात्रीचं मात्र वेगळं असू शकेल. अमेरिकी पद्धतीच्या व्हॉल्व्हला तांब्याची पातळ सेफ्टी डिस्क असते, दाब फार वाढला की ती फुटून टाकी वाचवते. पत्र्याखाली हवा तापली म्हणून ती फुटली असं तुम्हाला वाटत असेल, पण गणित तसं सांगत नाही. ३० अंशांना २०० बार असलेली टाकी ५० अंशांना २१३ बारच्या आसपास जाते. ३,००० पीएसआयच्या, म्हणजे २०७ बारच्या टाकीची चाचणी ५,००० पीएसआयला, म्हणजे ३४५ बारला होते, आणि डिस्क त्या आकड्याच्या जवळपास फुटण्यासाठी बनवलेली असते. २१३ तिला काहीच नाही. शिवाय ती फुटली असती तर आवाजाने निम्मं कारेलीबाग गच्चीवर गोळा झालं असतं. एक तर सीटमधूनच हवा गेली, किंवा डिस्क जुनी, आतून गंजलेली होती आणि झिरपली. ही डिस्क एकदाच वापरायची वस्तू आहे, जुनी उघडून पुन्हा बसवायची नसते. तिच्या जागी बोल्ट मारून ‘कायमचा इलाज’ केलेला व्हॉल्व्ह मी पाहिला आहे. त्याचं पुढे काय झालं म्हणाल, तर मी तो परत दिला नाही.

अंग चांगलं असेल आणि त्या बनावटीचं किट मिळत असेल तर व्हॉल्व्ह दुरुस्त करणं मला नेहमीच पसंत: नवी सीट, नव्या ओ-रिंगा, वॉशर, सिलिकॉन ग्रीसचा नुसता हात. तुमच्या बाबतीत टाकी जुनी, तिचा इतिहास माहीत नाही आणि डिनही हवाय. म्हणून बदला, मी अडवणार नाही. फक्त बरोबर आट्याचा घ्या.

तुम्हाला हवा तो डिन-योक दोन्हीचा व्हॉल्व्ह चांगलाच असतो. त्याच्या तोंडात एक पितळी भरणी, म्हणजे काढता-घालता येणारा तुकडा, असते. ती ॲलन कीने काढली की रेग्युलेटर आत आटे धरून बसतो, ठेवली की योक. आपल्याकडे भाड्याच्या टाक्या बहुतेक योकच्या, त्यामुळे ही सोय कामाची. डिनमध्ये ओ-रिंग चारी बाजूंनी कोंडलेली असल्यामुळे ती निसटून उडायची भीती फार कमी. योकचा रेग्युलेटर कुठेतरी आपटला की तीच ओ-रिंग बाहेर डोकावते. पण ही भरणी असलेले व्हॉल्व्ह २३२ बारपर्यंतचे असतात. सात आट्यांचा ३०० बारचा डिन व्हॉल्व्ह वेगळा, त्यात योकची भरणी बसत नाही आणि तुमच्या टाकीला त्याची गरजही नाही. सेफ्टी डिस्कचा व्हॉल्व्ह घेतलात तर डिस्क टाकीच्या दाबाचीच आहे हे बघा.

घेताना एक गोष्ट उलटी धरून बघा. व्हॉल्व्हच्या खालच्या टोकाला आत जाणारी बोटभर नळी असली पाहिजे. टाकी उलटी झाली, तुम्ही डोकं खाली करून गेलात, तर तळातलं पाणी आणि गंजाची भुकटी सरळ रेग्युलेटरात जाऊ नये म्हणून ती असते. जुन्या व्हॉल्व्हची ती तुटून टाकीत पडलेलीही सापडते; टाकी हलवली आणि आत खुळखुळ वाजलं तर तीच.

आता हवा असलेल्या कुठल्याही टाकीचा व्हॉल्व्ह घरी काढू नका, हे सांगायला नको. पण हवा नाही हे कशावरून ठरवता, ते सांगायला हवं. मूठ उघडली आणि काही आलं नाही म्हणजे टाकी रिकामी, असं नाही. ती नळी गंजाने तुंबलेली असू शकते, किंवा दांडा आतून तुटून मूठ नुसतीच फिरत असू शकते. अशी टाकी भरलेलीच समजायची आणि टेस्टिंग स्टेशनवाल्याला आधी सांगायचं. व्हॉल्व्ह चिकटून बसला असेल तर त्यावर हातोडा चालवायचा नाही. ॲल्युमिनियम आणि पितळ यांच्यामध्ये खारं पाणी शिरलं की ॲल्युमिनियम खात सुटतं, पांढरी भुकटी धरते. जोर केलात तर व्हॉल्व्हबरोबर गळ्याचे आटेही बाहेर येतील.

व्हॉल्व्ह निघालाय तोवर गळ्याच्या आट्यांवर आतून दिवा टाकून भेगा बघून घ्यायला सांगा. १९९० च्या आधीच्या काही ॲल्युमिनियम टाक्या ६३५१ या मिश्रधातूच्या आहेत. त्यांच्या गळ्यात वर्षानुवर्षांच्या दाबाने बारीक भेगा पडतात असं आढळलं, म्हणून नंतर ६०६१ हा मिश्रधातू आला. तुमच्या टाकीवर तेवढं जुनं साल असेल तर व्हॉल्व्हवर एक रुपयाही खर्च करू नका. नसेल तर दाबाची चाचणी झाल्याचा शेवटचा शिक्का बघा. गाडीच्या सीएनजी सिलिंडरचा टेस्टचा कागद आपण सांभाळून ठेवतो, मग याचाही ठेवा. गॅस सिलिंडर नियम, २०१६ हे यालाही लागू आहेत. ते बघणाऱ्या ‘पेसो’ या केंद्र सरकारच्या संस्थेचं मुख्यालय नागपूरला आहे. मान्यताप्राप्त स्टेशनवरच काम करा आणि आत्ताच करा. मालवणचं डायव्हिंग पावसाळ्यात बंद असतं. ऑक्टोबर उजाडला की सगळ्यांनाच घाई सुटते आणि मग काम उरकलं जातं.

प्रश्न : ताई, आमच्या वडिलांची स्टीलची जुनी टाकी दांडिया बाजारच्या घरी माळ्यावर सापडली. व्हॉल्व्हच्या बाजूला एक खटका आहे, त्याला लांब तार जोडलेली आहे. एका ओळखीच्या डायव्हरने पाहून सांगितलं की हा व्हॉल्व्ह हवा संपायच्या आधीच बंद पडतो, बिघडलाय. भंगारात घालू का?

उत्तर : बिघडलेला नाही, तो त्याचं कामच करतोय. याला जे-व्हॉल्व्ह म्हणतात. पाण्याखाली न्यायची प्रेशर गेज सगळ्यांकडे नव्हती तेव्हाची ही युक्ती. आत स्प्रिंग असते. टाकीत साधारण २० ते ४० बार उरले की ती हवेची वाट अडवू लागते. श्वास ओढायला जड जातो, डायव्हर तार ओढून खटका खाली करतो, राखीव हवा मोकळी होते आणि तो वर यायला लागतो.

वडिलांच्या काळात ती शहाणपणाची सोय होती, पण भरवशाची नव्हती. खटका दोरीत किंवा खडकात अडकून आधीच खाली आलेला असला आणि लक्षात आलं नाही, तर राखीव हवा कधीच वापरून झालेली असते, आणि तार ओढून हातात काही येत नाही. टाकी भरताना तोच खटका खाली ठेवायचा असतो. भरून झाल्यावर वर करायचा राहिला की पुन्हा तीच गत. आज गेज हातात असताना ही जोखीम घ्यायचं कारण नाही. टाकी चाचणीत पास झाली तर साधा के-व्हॉल्व्ह, म्हणजे राखीव खटका नसलेला, बसवा, अर्थात वर लिहिलेलं आट्याचं सगळं पुराण वाचून. नापास झाली तर टाकी जाऊ द्या, व्हॉल्व्ह मात्र भंगारात घालू नका. वडिलांची आठवण म्हणून टेबलावर ठेवायला इतकी सुबक पितळी वस्तू दुसरी नाही मिळायची.

प्रश्न : कोविडच्या वेळी घेतलेला ऑक्सिजनचा सिलिंडर घरी पडून आहे. त्याचा व्हॉल्व्ह स्कूबाच्या टाकीला बसेल का? दोन्हीत ऑक्सिजनच असतो ना? (वाघोडिया रोड)

उत्तर : बसणार नाही, आणि दोन्हीत ऑक्सिजन नसतो. स्कूबाच्या टाकीत आपण आत्ता घेतोय तीच हवा असते, दाबून भरलेली आणि गाळून कोरडी केलेली. त्यात ऑक्सिजन २१ टक्के. आपली वर्तमानपत्रं दर बातमीत ‘ऑक्सिजन सिलिंडर लावून पाणबुडे उतरले’ असं छापतात, तिथून हा गोंधळ होतो. निव्वळ ऑक्सिजन घेऊन ६ मीटरच्या खाली गेलात तर तो विषासारखा अंगावर येतो, झटके येतात, आणि पाण्याखाली झटका म्हणजे बुडणं. शिवाय ऑक्सिजनच्या व्हॉल्व्हला तेला-ग्रीसचा हात लागला तर तो पेटू शकतो. दवाखान्याचा सिलिंडर दवाखान्याच्याच कामाला ठेवा.

प्रश्न : माझी मुलगी लालबागच्या तलावात पोहायला शिकली, आता डायव्हिंगचा कोर्स करतेय. एका प्रशिक्षकाने सांगितलं, व्हॉल्व्ह पूर्ण उघडून पाव फेरा मागे घ्यायचा. दुसरे म्हणतात, मागे घ्यायचाच नाही. कुणाचं ऐकावं? (मांजलपूर)

उत्तर : दुसऱ्यांचं. पाव फेरा मागे घ्यायची रीत जुनी आहे, उघडलेला व्हॉल्व्ह टोकाला आवळून अडकू नये म्हणून पडलेली. आताच्या व्हॉल्व्हना तिची गरज नाही, आणि तिच्यातला धोका मोठा आहे. घाईत कुणीतरी, बरेचदा मदत करणारा दुसराच माणूस, उलट्या बाजूला फिरवतो, म्हणजे व्हॉल्व्ह पूर्ण बंद करून पाव फेरा उघडतो. वर असताना गेज २०० दाखवते, श्वासही येतो. खाली गेल्यावर प्रत्येक श्वासाला जास्त हवा लागते आणि तेवढ्या फटीतून ती पुरत नाही.

मुलीला सांगा, पूर्ण उघड आणि सोड. बंद करताना थांबेल तिथे थांब, पिळू नकोस. आणि उतरायच्या आधी रेग्युलेटर तोंडात धरून गेजकडे बघत तीन-चार मोठे श्वास घ्यायचे. काटा जागचा हलता कामा नये. श्वास ओढताना काटा खाली येऊन पुन्हा वर जात असेल, तर व्हॉल्व्ह अर्धवट उघडा आहे. मग आधी मूठ बघायची, पाण्यात नंतर.